अमेरिकेंतील बेसबॉल आणि उत्तेजक द्रव्यें

ज्या अपराधाचा लाभ पुष्कळांनीं घेतला त्याचें खापर थोड्यांच्या माथीं फोडावें आणि उरलेल्यांनीं सोवळें नेसून बसावें, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. व्यक्तींप्रमाणें ती संस्थांतही आढळते. आणि संस्थेचा इतिहास लिहिणारा सावध नसेल तर त्याच्या हातूनही हाच अन्याय घडतो. अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलमध्यें शक्तिवर्धक औषधांचें जें प्रकरण झालें, त्याचा वृत्तान्त आम्हांस या दृष्टीनें मोठा बोधप्रद वाटतो.

आमच्या वाचकांस क्रिकेट परिचयाचें आहे. बेसबॉल हाही चेंडूफळीचाच खेळ होय. त्यांत फलंदाजानें चेंडू कुंपणापलीकडे झुगारला म्हणजे बहुधा ‘होम रन’ होतो. आमच्या षट्काराचा हा भाऊ शोभेल; मात्र तो षट्काराहून दुर्मिळ, आणि एका हंगामांत कोणीं किती होम रन काढले हा आंकडा तेथें पोराबाळांसही मुखोद्गत असतो. बेब रूथनें सन १९२७ मध्यें ६० काढले, रॉजर मॅरिसनें १९६१ मध्यें ६१. त्यानंतर सदतीस वर्षें हा आंकडा कोणासही ओलांडतां आला नाहीं.

औषधाचा मोह या खेळास नवा नव्हे. सन १८८९ मध्यें पॅरिस येथील ब्राउन-सेकार नांवाच्या वृद्ध शरीरशास्त्रज्ञानें प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेतला आणि गेलेली शक्ति परत आल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं पिट्सबर्गचा गोलंदाज पड गॅल्विन यानें तसलाच अर्क टोंचून घेऊन बोस्टनविरुद्धचा सामना जिंकून दिला. त्या अर्कांत खरा गुण कांहीं नव्हता; पण वर्तमानपत्रानें त्याची उघड वाहवा केली, निषेध नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अँफेटामाइनच्या गोळ्या आल्या व खेळाडूंच्या खोल्यांत त्या सर्रास खपूं लागल्या. सन १९७० मध्यें जिम बाउटन या खेळाडूनें आपल्या पुस्तकांत हें सांगून टाकलें, तेव्हां खेळाच्या आयुक्तांनीं त्यालाच बोलावून दटाविलें! रोगाहून रोगाचें नांव घेणाराचा राग अधिक येण्याची ही रीत पुढेंही कायम राहिली.

यानंतरचीं औषधें मात्र पोकळ नव्हतीं. टेस्टोस्टेरोन हा पुरुषाच्या शरीरांत विशेषेंकरून स्रवणारा रस. ॲनाबॉलिक स्टेरॉइडें हीं त्याचींच प्रयोगशाळेंत घडविलेलीं भावंडें. तीं घेऊन जड व्यायाम केला असतां स्नायु भराभर वाढतात व थकलेलें शरीर लौकर ताजें होतें. सहा महिन्यांत १६२ सामने खेळणाऱ्या संघांतील मनुष्यास हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा. त्याची किंमत पुढें हृदयास व यकृतास द्यावी लागते, आणि शरीर स्वतःचा रस निर्माण करण्याचें काम सोडून देतें. सन १९९० मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें या औषधांवर निर्बंध घातले. जून १९९१ मध्यें आयुक्त फे व्हिन्सेंट यांनीं सर्व संघांस परिपत्रक धाडून तीं निषिद्ध असल्याचें कळविलें. परंतु खेळाडूंच्या सर्वसाधारण चाचणीची सोय त्यांत नव्हती. चाचणीस खेळाडूंच्या संघटनेची संमति हवी होती. आणि चाचणी म्हणजे खासगी आयुष्यावर आक्रमण, असें तिचें म्हणणें होतें. मालकांनीं १९९४ च्या वाटाघाटींत विषय काढला खरा, पण लावून धरला नाहीं. नियम झाला, पहारा झाला नाहीं.

तो कां झाला नाहीं याचें उत्तर पुढच्या चार वर्षांत मिळतें. १९९४ च्या संपामुळें त्या वर्षींची अंतिम मालिकाच रद्द झाली. चिडलेला प्रेक्षक परत येईना. अशांत १९९८ चा हंगाम आला. मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांची शर्यत लागली. पहिल्यानें ७० व दुसऱ्यानें ६६ होम रन काढले. मैदानें पुन्हां भरलीं, सारें राष्ट्र नाचूं लागलें. त्या ऑगस्टांत एका वार्ताहरास मॅग्वायरच्या कपाटांत अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्यें निषिद्ध असलेलें हें औषध बेसबॉलमध्यें तेव्हां निषिद्ध नव्हतें, आणि दुकानांत उघड मिळत होतें. बातमी छापली गेली. पण पुष्कळांचा राग बाटलीवर न निघतां वार्ताहरावर निघाला. लग्नघरांत नवऱ्याच्या कर्जाची गोष्ट काढावी तसेंच तें झालें. तीनच वर्षांनीं बॅरी बाँड्सनें ७३ चा नवा आंकडा गांठला.

या कथेंतील एक बाब आमच्या मनास विशेष बोंचते. सन २००१ मध्यें चाचण्या सुरू झाल्या, त्या खालच्या श्रेणीच्या संघांत. कारण तेथील अल्पवेतनी खेळाडूंस संघटनेचें छत्र नव्हतें. जे कोट्यधीश होते त्यांच्या दाराशीं पहारेकरी मागाहून आला. २००३ मध्यें वरच्या श्रेणीची पहिली चाचणी झाली, तीही निनांवी व शिक्षेवांचून. तरी शेंकडा पांचांहून अधिक नमुने दूषित निघाले, तेव्हां कुठें पुढील वर्षापासून नियमित चाचणी आली. काँग्रेसनें २००५ मध्यें कान उपटल्यावर पहिल्या अपराधाची शिक्षा दहा दिवसांवरून पन्नास सामन्यांवर गेली, आणि २०१४ मध्यें ऐंशींवर.

डिसेंबर २००७ मध्यें माजी सेनेटर जॉर्ज मिचेल यांचा ४०९ पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ८९ खेळाडूंचीं नांवें होतीं. दोषाचा वांटा आयुक्त, संघांचे अधिकारी, संघटना व खेळाडू या सर्वांचा आहे, असेंही त्यांत बजावलें होतें. लोकांनीं नांवें लक्षांत ठेवलीं व तें वाक्य विसरून गेले. कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत प्रवेशास शेंकडा ७५ मतें लागतात. २०२२ च्या जानेवारींत, पत्रकारांच्या मतदानाच्या अखेरच्या संधींत, बाँड्स यास ६६ व रॉजर क्लेमेन्स यास सुमारें ६५ मिळालीं. आपण जाणूनबुजून कांहीं घेतलें नाहीं असें बाँड्सचें म्हणणें; क्लेमेन्सनें तर आरोप साफ नाकारला, व खोट्या साक्षीच्या खटल्यांत ज्यूरीनें २०१२ मध्यें त्यास निर्दोष सोडलें. उलट ज्यांच्या अमदानींत हें सर्व घडलें ते आयुक्त बड सेलिग २०१६ च्या डिसेंबरांत त्याच मंदिरासाठीं निवडले गेले. गॅल्विन तर तेथें १९६५ पासून आहेच.

कोणी म्हणेल, मग बंदी उठवून सर्वांस मोकळीक द्यावी. आम्हांस तें मान्य नाहीं. मोकळीक दिली कीं न घेणारासही घेणें भाग पडतें. या प्रकरणांत खरा नाडला गेला तो कीर्तिमंदिराबाहेर राहिलेला विक्रमवीर नव्हे. ज्यानें नियम पाळला व म्हणून ज्याची जागा शेजाऱ्यानें घेतली, तो. त्याचें नांव कोणत्याही अहवालांत नाहीं, आणि त्याच्या न मारलेल्या होम रनांचा आंकडा कोणींच ठेवलेला नाहीं.

दुरून अमेरिकेस हंसण्याचा अधिकार आम्हांसही फारसा नाहीं. आमचें क्रिकेट-नियामक मंडळ राष्ट्रीय उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या कक्षेंत आलें तें २०१९ च्या ऑगस्टांत, दीर्घ कुरकुरीनंतर. लोकप्रिय खेळाचे चालक पहारा टाळूं पाहतात, तेव्हां खेळाडूंच्या अब्रूची काळजी हें कारण ते नेहमीं पुढें करतात. अमेरिकेचा अनुभव असा आहे कीं पहारा नसल्यामुळेंच तेथें त्या पिढींतील चांगल्या खेळाडूंचीही अब्रू संशयांत गेली, आणि ती परत मिळवून देणें आतां कोणाच्याही हातीं राहिलें नाहीं.