प्रिंगलसाहेबांची मोजणी

‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवताना एका प्रसंगापाशी दरवर्षी रेंगाळावे लागते. साऱ्याची सूट मागायला गेलेला शेतकरी कलेक्टरच्या मुक्कामावरून निराश होऊन परततो आणि वाटेत झाडाखाली टेकून स्वतःशीच पुटपुटत राहतो. जोतीरावांनी हा ग्रंथ 1883 मध्ये पूर्ण केला. शेतकऱ्याचा संताप विद्यार्थ्यांना लगेच भिडतो, ‘पैमाष’ हा शब्द मात्र अडतो. जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी, एवढा अर्थ सांगून पुढे जाता येते. पण त्या शब्दामागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एका अत्यंत शास्त्रशुद्ध प्रयोगापासून सुरू होतो.

रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलिबरीच्या कंपनी कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला तरुण मुलकी अधिकारी. पेशवाई बुडून दहा वर्षे होतात न होतात तोच, 1820 च्या दशकाच्या अखेरीस, पुणे जिल्ह्याच्या पाहणीचे काम त्याच्याकडे आले. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याला प्रमाण वाटत होता. एकूण पिकातून लागवडीचा खर्च वजा करावा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याच्या शेकडा 55 सरकारने घ्यावे. मांडणी अशी की तिच्यात बोट घालायला जागा नाही! त्यासाठी शेते मोजली, काळी, तांबडी, बरड असे जमिनीचे प्रकार ठरवून त्यांच्या प्रती लावल्या, पिकांचे उतारे, बाजारभाव, बैल-बियाण्याचा खर्च, सारे आकड्यांत आणले. अंदाजावर चालणारा कारभार आता पुराव्यावर चालणार होता.

1830 च्या सुमारास ही आकारणी लागू झाली आणि काही वर्षांतच कोसळली. जमिनी पडीक पडल्या, बाकी थकली, कुणबी गाव सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात गेले. कारणमीमांसा करताना सरकारी दप्तराने बोट दाखवले ते मुख्यतः देशी कारकुनांकडे. त्यांनी लाच खाल्ली, मापे खोटी लिहिली. ते खोटे नव्हते. (हाताखालच्या कामगारांवर विसंबणारे साहेब हे तर ‘असूडा’तलेही एक मुख्य गाऱ्हाणे आहे.) परंतु कारकून प्रामाणिक असते तर ही आकारणी टिकली असती का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या कुणब्याने कधी हिशोबाची वही ठेवली नाही, त्याचा लागवडीचा खर्च काढायचा कसा? घरच्या बायकापोरांच्या राबण्याची किंमत कोणत्या रकान्यात भरायची? आणि भाव उतरले की पैशात ठरलेला सारा आपोआपच जड होतो. त्या काळात भाव उतरतच होते. मोजमापातली चूक पुन्हा मोजून सुधारता येते. ज्या गोष्टीला गावात अस्तित्वच नव्हते ती मोजायला निघणे, ही चूक निराळ्या जातीची होय.

1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापूर तालुक्यात उतरले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. 33 फुटांच्या साखळीने शेते मोजली; जमिनीचा पोत आणि हाताच्या मापाने खोली पाहून तिची प्रत आण्यांत लावली. पावणेदोन हात खोल, उत्तम काळी ती सोळा आणे. चुनखडी किंवा वाळू मिसळलेली असेल तर तिची प्रत खाली. तालुक्याने एकंदर किती सारा द्यावा, हे मात्र त्यांनी सिद्धान्तावरून काढले नाही. मागल्या वर्षांत वसूल किती झाला, लागवड वाढली की घटली, बाजारपेठ किती लांब, हे पाहून ते तारतम्याने ठरवले. दर उतरवले आणि तीस वर्षे कायम केले. पडीक रानात पुन्हा नांगर चालले.

येथे गोष्ट संपती तर बरे झाले असते. इंदापूरची तीस वर्षे भरली 1860 च्या दशकात, अमेरिकेतील यादवीने (1861 ते 1865) कापसाला सोन्याचा भाव दिला त्याच्या लगोलग. फेरपाहणीच्या अधिकाऱ्यांपुढे पुरावा भक्कम होता: भाव चढलेले, रेल्वे आलेली, लागवड वाढलेली. त्यातला एकही आकडा खोटा असण्याची गरज नव्हती. त्या आधारावर सारा भरमसाट वाढवला गेला. तेजी ओसरली, भाव उतरले आणि तारतम्याची जागा पुन्हा तक्त्याने घेतलेली दिसली. पुणे सार्वजनिक सभेने 1873 मध्ये शेतकऱ्यांच्या दैन्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दंगल उसळली. लोकांनी हुडकून हुडकून जाळले ते सावकारांचे रोखे. चौकशी आयोगाचा भरही मुख्यतः सावकारी कर्जावर राहिला. सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र स्वतंत्र टिपण लिहून सारावाढीची जबाबदारी दाखवली. 1879 च्या कायद्याने कुळांना सावकाराविरुद्ध थोडे संरक्षण दिले. सरकारी साऱ्याविरुद्ध दाद मागण्याची सोय त्यात नव्हती. चार वर्षांनी जोतीरावांनी आपला शेतकरी कलेक्टरच्या मुक्कामावर पाठवला, तो त्या दारातून रिकाम्या हातांनी परतला.