नाडी कुठे घट्ट, कुठे सैल

२५ फेब्रुवारी १९९४ ची रात्र. नॉर्वेतल्या हामार गावी, लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकमधल्या महिलांच्या फिगर स्केटिंगचा अखेरचा टप्पा सुरू होता. अमेरिकेच्या टोन्या हार्डिंगचं नाव पुकारलं गेलं, पण ती येईना. पडद्यामागे तिच्या बुटाची लेस तुटली होती आणि हवी तेवढी लांब लेस हाताशी नव्हती. वेळ संपता संपता ती धावत बर्फावर आली. पहिलीच उडी फसली. मग ती रडत पंचांपाशी गेली आणि पाय उचलून कठड्यावर ठेवून त्यांना आपला बूट दाखवला. पंचांनी तिला गटाच्या शेवटी पुन्हा उतरण्याची मुभा दिली. त्यामुळे पुढच्या क्रमांकावरच्या कॅनडाच्या जोझे शुइनारला मात्र आयत्या वेळी घाईने बर्फावर जावं लागलं.

हार्डिंग आठवी आली. सात आठवड्यांपूर्वी तिची प्रतिस्पर्धी नॅन्सी केरिगनवर हल्ला झाला होता. त्या प्रकरणात हार्डिंगच्या गोटातल्यांची नावं आलेली असल्यामुळे तिच्या बाजूने बोलणारे थोडेच होते. नाचता येईना अंगण वाकडं, असाच बहुतेकांचा सूर होता. हार्डिंगबद्दल कुणाचं मत काहीही असो, पण तक्रार लेसची होती म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. सैल बुटाने तिहेरी उडी मारणं म्हणजे घोटा पणाला लावणं. स्केटिंगचा इतिहास पायाच्या बाजूने वाचला, तर पातं आणि पाऊल एकमेकांना कसं बांधायचं, या एकाच प्रश्नाभोवती तो शतकानुशतकं फिरताना दिसतो.

सुरुवातीला पातं नव्हतंच, हाडं होती. १२व्या शतकातल्या लंडनचं वर्णन करताना विल्यम फिट्झस्टीफन या धर्मगुरूने शहराच्या उत्तरेकडची दलदल गोठली की तरुण पोरं काय करत, ते लिहून ठेवलं आहे. जनावरांच्या नडगीची हाडं पायाखाली बांधायची, हातात लोखंडी टोकाची काठी घ्यायची आणि ती बर्फावर टेकवत सुसाट सुटायचं. समोरासमोर येऊन एकमेकांना काठ्या हाणायच्या, हात-पाय मोडून घ्यायचे, हाही त्यांचा खेळच. अशी हाडं स्कँडिनेव्हियापासून इंग्लंडपर्यंत अनेक ठिकाणी उत्खननात सापडली आहेत. काहींना वादी ओवायला भोकं आहेत, काहींना नाहीत. हाडाला धार नसते, ते बर्फात रुतत नाही, नुसतं घसरतं. जोर हाताच्या काठीचा, पाय फक्त उभं राहण्यापुरता. त्यामुळे बांधणी जरा सैल असली तरी काम भागत असे.

ते चित्र बदललं नेदरलँड्समध्ये. लाकडी पाटाखाली लोखंडी पातं बसवण्याची कल्पना तिथल्या कालव्यांवर रुजली. धारेमुळे बर्फाला पायानेच रेटा देता येऊ लागला आणि हातातली काठी गळून पडली. या बदलाचा सर्वांत बोलका पुरावा एका अपघाताच्या चित्रात आहे. स्खिडाम गावची लिड्विना ही मुलगी १३९५-९६ च्या हिवाळ्यात बर्फावर पडली, तिची बरगडी मोडली आणि पुढचं आयुष्य तिने अंथरुणात काढलं. चर्चने पुढे तिला संत मानलं. आज ती स्केटिंग करणाऱ्यांची रक्षणकर्ती समजली जाते. १४९८ मध्ये छापलेल्या तिच्या चरित्रात त्या पडण्याचं लाकडी ठशाचं चित्र आहे. मागे एक माणूस एका पायावर तोल सावरत चालला आहे. हाडांवर असं जाता येत नाही, त्यासाठी धारच लागते.

धार आली तशी पायाची दुखणीही आली. पायाने रेटा द्यायचा, वळायचं, एका कडेवर झुकायचं, तर पातं पायाशी घट्टच हवं. पण ते बांधायचं कशाने, तर चामड्याच्या वाद्यांनी, आणि तेही साध्या मऊ जोड्यावरून. ओलं चामडं ताणलं जातं. वादी आवळली तर रक्त अडून बोटं बधिर, सोडली तर पाट पायाखाली फिरणार. आपल्याकडे नवी चप्पल आठवडाभर चावते आणि मग नरमते. या वाद्यांची गोष्ट उलटी होती, जितकी जुनी तितकी बेभरवशाची.

त्या बेभरवशाच्या वाद्यांवर लोकांनी केलेले पराक्रम पाहिले की कौतुक वाटतं. एडिंबरोच्या १८व्या शतकातल्या स्केटिंग क्लबात प्रवेश हवा असेल तर परीक्षा द्यावी लागे. प्रत्येक पायावर एक पुरतं वर्तुळ काढायचं आणि नंतर बर्फावर ठेवलेल्या टोप्यांवरून उडी मारायची, आधी एक, मग दोन, मग तीन. याच क्लबाचे सभासद, रेव्हरंड रॉबर्ट वॉकर, स्कॉटलंडच्या एका जगप्रसिद्ध चित्रात कायमचे गोठून राहिले आहेत. १७९०च्या दशकातलं हे चित्र हेन्री रेबर्नचं मानलं जातं. काळा पोशाख, हात छातीवर बांधलेले, एक पाय मागे, चेहऱ्यावर प्रवचनाला निघाल्याचं गांभीर्य. चित्र जवळून पाहणाऱ्याने एकदा पायांकडे नजर टाकावी. साधे काळे जोडे आणि त्यांवरून बांधलेल्या फिती. एवढ्या डौलाचा सगळा भरवसा त्या फितींवर होता.

१९व्या शतकाने हा प्रश्न लोहाराच्या पद्धतीने सोडवायला घेतला. पात्याच्या पाटातून वर निघालेला स्क्रू बुटाच्या टाचेत फिरवून बसवायचा, हा एक उपाय. तो चालला, पण टाचेतलं भोक रोज थोडं मोठं होत गेलं. १८५०च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या ई. डब्ल्यू. बुशनेलने लाकडाला फाटा देऊन संपूर्ण धातूचे स्केट बाजारात आणले. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या डार्टमथ इथे स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती. तिथल्या जॉन फोर्ब्सने १८६०च्या दशकात खटका दाबला की बुटाचा तळ पकडणारा स्केट तयार केला. ‘अ‍ॅक्मी क्लब’ या नावाने तो देशोदेशी विकला गेला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं तळं १८५८ च्या हिवाळ्यात स्केटिंगला खुलं झालं होतं आणि शहराला या खेळाचं वेडच लागलं होतं. अशा गर्दीला गोठलेल्या बोटांनी वाद्या सोडवत बसण्यापेक्षा खटका बराच.

मात्र ज्या माणसामुळे फिगर स्केटिंगला आजचं रूप आलं, त्याने खटकाही सोडला. जॅक्सन हेन्स हा न्यूयॉर्कचा नर्तक. बर्फावर संगीताच्या तालात नाचावं, नुसत्या आकृत्या कोरू नयेत, असं त्याला वाटे. त्या काळच्या अमेरिकेला आणि इंग्लंडला हे रुचलं नाही. तिथे ताठ अंगाने नेमक्या रेषा काढणं म्हणजे स्केटिंग. हेन्स १८६०च्या दशकात युरोपला गेला आणि वाल्ट्झच्या व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतलं. बसून गिरक्या घेणं, म्हणजे सिट स्पिन, ही त्याचीच देणगी. गिरक्या-उड्यांत खटक्यावर विसंबून चालणार नव्हतं, म्हणून त्याने पातं थेट बुटाच्या तळाला कायमचं जोडून टाकलं. १८७५ मध्ये फिनलंडमधल्या आजच्या कोक्कोला शहरात त्याचा मृत्यू झाला, तिथेच त्याला पुरलं आहे.

पातं आणि बूट एक झाले, शेकडो वर्षांचा प्रश्न मिटला, असं वाटावं. तो फक्त वर सरकला. आता बूट आणि पाऊल यांचं कसं जमवायचं? पूर्वी बूट मऊ असे आणि वादी कडक. आता बूटच कडक झाला आणि त्याला पायाशी बांधून ठेवायला उरली फक्त नाडी.

२०व्या शतकाच्या पूर्वार्धात हा बूट म्हणजे मोच्याची कारागिरी होती, चामड्याचे थर एकावर एक चढवून घोट्याच्या वरपर्यंत आणलेली. नॉर्वेच्या सोन्या हेनीने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आणि पांढऱ्या बुटांची फॅशन रूढ केली. बायकांचे स्केट पांढरे असतात ही समजूत तिच्यामुळे जगभर पक्की झाली. पातं बहुधा इंग्लंडमधल्या शेफील्डचं असे. तिथल्या जॉन विल्सन या नावाची परंपरा १६९६ पर्यंत मागे जाते.

त्या काळी बूट आजच्याइतका दगडी असण्याची गरज नव्हती, याचं कारण स्पर्धेच्या नियमांत आहे. सक्तीच्या आकृत्या, म्हणजे बर्फावर आठाचे आकडे आणि त्यांचे नाना प्रकार काटेकोर गिरवणं, यालाच १९६८ पर्यंत ६० टक्के गुण असत. त्याला घोटा लवचीक लागतो. म्हणून अनेक खेळाडू दोन जोड बाळगत. आकृत्यांसाठी मऊ बूट आणि उड्यांसाठी जरा ताठ. पुढे आकृत्यांचा वाटा घटत गेला आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर त्या रद्दच झाल्या. मऊ जोड माळ्यावर गेला. दुसरीकडे उड्या वाढत होत्या. कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत चार गिरक्यांची उडी पूर्ण केली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या इल्या मालिनिनने साडेचार गिरक्यांची. अशा उडीनंतर एका पायावर, एका पातळ पात्यावर उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोट्यावर येतो. तो पेलायला बूट कडक होत गेले. आता इटलीच्या मोंतेबेल्लुना परिसरातून, जिथे डोंगरी बूट आणि स्की बूट बनत आले आहेत, तिथून चामड्याऐवजी कृत्रिम मिश्र साहित्याचे हलके बूट जगभर जातात.

कडक बुटाची दुखणी मऊ बुटापेक्षा वेगळी. घोट्याच्या हाडावर सतत घासून पाण्याची पिशवी धरते. टाचेच्या मागे हाडाचा टेंगूळ येतो. आणि सगळ्यांत परिचित म्हणजे नाडी चावणं. पाऊल वर उचलणारी कंडरा घोट्याच्या पुढून अगदी कातडीखालून जाते. तिथेच नाडी सर्वांत जोरात आवळली जाते. बुटाची जीभ बाजूला सरकली किंवा जुनी होऊन चेपली, की नाडीचा काच थेट त्या कंडरेवर येतो. ती सुजते, आणि मग चालतानाही कळ येते.

इथेच बांधण्याची विद्या कामाला येते, आणि ती शाळेतल्या बुटाच्या नाडीपेक्षा फारच निराळी आहे. आधी टाच जमिनीवर आपटून बुटात पुरती मागे बसवायची. चवड्यावर नाडी सैल, बोटं हलली पाहिजेत. तिथे आवळली तर पाय झोपतो आणि तळव्याला पेटके येतात. खरा जोर लावायचा तो घोट्याच्या बाकाशी, जिथे छिद्रं संपून हूक सुरू होतात, कारण टाच जागेवर धरून ठेवणारी जागा तीच. तिथे नाडीला एक जास्तीचा वेढा दिला की खालचा ताण वर सरकत नाही. त्यावरचे हूक पुन्हा जरा सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकवला की नडगी बुटासोबत झुकू शकते. वरपर्यंत करकचून बांधणारा नवशिका सुरक्षित वाटतो खरा, पण त्याचा घोटा वाकत नाही, गुडघा वाकत नाही आणि तो ओंडक्यासारखा आडवा होतो.

एकाच बुटात सैल, घट्ट आणि मध्यम, असे तीन ताण. नाडीला पर्याय शोधणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी घोट्याशी बिजागरी असलेला बूट सुचवला, उतरण्याचा धक्का कमी व्हावा म्हणून. २००० नंतरच्या दशकात एका कॅनेडियन कंपनीने तो बाजारातही आणला. कल्पना शहाणपणाची होती, पण स्पर्धकांनी तिला फारसं जवळ केलं नाही. ज्या बुटावर लहानपणापासून तोल घडला, तो करिअरच्या मध्यावर कोण बदलणार? भाड्याच्या प्लास्टिक स्केटांना चाप आणि पट्टे असतात, पण गंभीर खेळाडूच्या पायात आजही नाडीच दिसते.

भारतात या खेळाचं जुनं ठिकाण म्हणजे सिमल्याचा उघड्यावरचा रिंक. १९२० पासून तिथे थंडीत पाणी गोठवून बर्फ धरला जातो. हिवाळ्यात तिकडे गेलात आणि भाड्याचे बूट घेतलेत, तर दोन जाड लोकरी मोजे चढवू नका. एकच पातळ मोजा घाला, नाहीतर पाय बुटात डुलत राहील. जीभ मधोमध आहे ना ते पाहा, टाच आपटून मागे बसवा आणि मगच नाडीला हात घाला. दहा मिनिटं फिरल्यावर बाकावर बसून ती सोडून पुन्हा बांधा, कारण पायाच्या उबेने बूट जरा सैलावतो. सराईत खेळाडूही हे करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.