ॲटनबरो : एका विरळ आडनावाची कुळकथा

आडनावांच्या मुळाचा शोध हा विषय आपल्याकडे बहुधा लग्नाच्या पंगतीत किंवा आगगाडीच्या डब्यात निघतो आणि तेथेच संपतो. इंग्लंडात मात्र या विषयास चारशे वर्षांचा व्यासंग लाभलेला आहे. विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने १६०५ साली आपल्या देशबांधवांच्या आडनावांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. १८९० साली हेन्री गपी नावाच्या वैद्याने एक निराळीच युक्ती योजली. शेतकरी आपली भूमी सहसा सोडीत नाही, म्हणून परगण्यापरगण्यांतील शेतकऱ्यांचीच तेवढी नावे त्याने व्यवसाय-सूचींतून मोजली आणि कोणते आडनाव कोणत्या मातीत रुजलेले आहे याचा एक स्थूल आलेख सिद्ध केला. गपीची युक्ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. स्मिथ किंवा जोन्स यांचा माग काढण्यात अर्थ नाही. लोहार गावोगावी होते आणि जॉनचे पुत्रही घरोघरी होते. माग काढावा तो विरळ नावाचा. असे एक नाव भारतीयांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. १९८२ साली 'गांधी' हा चित्रपट निर्माण करणारे रिचर्ड ॲटनबरो आणि पशुपक्ष्यांच्या विश्वाचे दर्शन घराघरांत घडविणारे त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड, यांचे ते नाव होय.

ॲटनबरो हे मुळात एक गाव आहे. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस, ट्रेंट नदीच्या काठी ते वसले आहे. 'बरो' म्हणजे जुन्या आंग्ल भाषेतील 'बुर्ह', तटबंदीचे ठिकाण. आणि त्या पूर्वी 'अड्डा' किंवा तत्सम नावाचा कोणी पुरुष. आपल्याकडील एखाद्या 'गढी'स तिच्या जुन्या धन्याचे नाव चिकटून राहावे, तसाच हा प्रकार. या अड्डाविषयी दुसरे काहीही सांगता येत नाही. गावास इतिहासात थोडेबहुत नाव मिळाले ते त्याच्या एका भलत्याच पुत्रामुळे. पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युपत्रकावर १६४९ साली स्वाक्षरी करणारा आणि क्रॉमवेलचा जामात झालेला हेन्री आयर्टन १६११ साली येथे जन्मला. राजसत्ता परत आल्यावर त्याचे प्रेत उकरून फासावर लटकविण्यात आले. त्याचे आडनावही ग्रामनामच आहे. परंतु ते शेजारच्या डर्बीशरमधल्या दुसऱ्याच गावाचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जो आपल्या गावातच राहतो त्यास कोणी गावाच्या नावाने हाक मारीत नाही. गाव सोडल्यावरच ते नाव माणसास लागते. आपल्या 'कर'प्रत्ययी आडनावांचे मर्म हेच. साताऱ्यात सातारकर कोणास म्हणणार? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्यांस हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. आयर्टनचे पूर्वज आयर्टनहून निघाले म्हणूनच आयर्टन झाले, आणि कोणी एक गृहस्थ ॲटनबरोहून निघाला म्हणूनच त्याचे वंशज ॲटनबरो झाले.

पण इंग्लंडात ही नावे वंशपरंपरेची केव्हा झाली? १०६६ साली नॉर्मन आले, तेव्हा त्यांच्या सरदारांनी आपापल्या जहागिरींची नावे लावण्याची चाल बरोबर आणली. सामान्य कुणबी त्यानंतरही दीर्घकाळ एकेरी नावानेच ओळखला जाई. स्थूलमानाने १२५० ते १३५० या शतकात इंग्लंडच्या दक्षिण व मध्य भागांतील बहुतेक कुटुंबांची नावे स्थिर झाली. उत्तरेकडे त्यास आणखी काळ लागला, आणि वेल्समध्ये तर बापाच्या नावाने चालण्याची रीत कित्येक ठिकाणी अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. नावे स्थिर होत असतानाच, १३४८-४९ साली, महामारीची लाट आली आणि देशाची तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक प्रजा दगावली. ज्या नावाची दहा-पाचच माणसे होती, अशी किती नावे त्या दोन वर्षांत कायमची पुसली गेली असतील! उरलेल्यांचा हिशेब पुढे १३७७ पासूनच्या डोईपट्टीच्या याद्यांत, १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्यांत आणि १८४१ नंतरच्या शिरगणतीत सापडतो. यांपैकी १८८१ च्या शिरगणतीची संपूर्ण नक्कल हौशी वंशावळीकारांनी पुढे उतरून काढली आणि त्यामुळे एकेका आडनावाचा नकाशा काढणे सुलभ झाले.

त्या नकाशावर ॲटनबरोंची दाटी दिसते ती नॉटिंगहॅमशर व डर्बीशर या दोन लगतच्या परगण्यांत. काही शाखा लंडनला गेल्या. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर या नावाची गहाणवटीची पेढी प्रसिद्ध होती आणि अडल्यानडलेल्या लंडनकरास हे नाव चांगलेच ठाऊक असे. परंतु कुळाचे मुख्य ठाणे जुन्या गावाभोवतीच राहिले. रिचर्ड व डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो १८८७ साली स्टेपलफर्ड येथे जन्मले. स्टेपलफर्ड ते ॲटनबरो हे अंतर तीनेक मैलांचे! सहाशे वर्षांत तीन मैल, ही चाल गोगलगाईसही लाजविणारी आहे. पण आडनावांच्या अभ्यासकास अशीच संथ चाल हवी असते.

आता एक शंका. इंग्रजीत 'ॲटन' हे जुने शब्दयोगी रूप 'अमक्यापाशी' या अर्थी सर्रास येत असे. 'ॲटन ॲश', म्हणजे ॲश वृक्षापाशी राहणारा, याचे तुकडे चुकीच्या ठिकाणी पडून 'नॅश' हे आडनाव झाले. 'ॲटन ओक्स'चे 'नोक्स' झाले. मग 'ॲटन बरो' म्हणजे केवळ 'टेकाडापाशी' किंवा 'गढीपाशी राहणारा' असे का नसावे? तसे असेल तर या नावाचा त्या एका गावाशी संबंध असण्याचे कारण नाही. टेकाडे काय, वाटेल तेथे असतात. ॲटनबरो आणि ॲटनबरोज यांसारख्या लेखनभेदांनी या संशयास पुष्टीच मिळते. कागदपत्रांच्या जोरावर याचा निकाल लागणे अवघड होते, कारण चौदाव्या शतकातील गरीब माणसाचा कागद तो कोठून मिळणार!

निकालास मदत झाली ती निराळ्याच दिशेने, आणि तीही लेस्टर येथे. या योगायोगाची हकीकत सांगण्यासारखी आहे. फ्रेडरिक ॲटनबरो हे आंग्ल-सॅक्सन विद्येचे पंडित. प्राचीन आंग्ल राजांच्या कायद्यांची त्यांनी संपादिलेली संहिता १९२२ साली प्रसिद्ध झाली. ज्याचे आडनावच आंग्ल-सॅक्सन ग्रामनाम, त्याने हा विषय निवडावा हे शोभूनच दिसते. १९३२ ते १९५१ या काळात ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४८ साली, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग तेथे निघाला. राजेरजवाडे सोडून शेते, वाटा, कुंपणे आणि गावकरी यांचा इतिहास लिहिणारे हे हॉस्किन्स. त्यांच्या ग्रंथांस प्राचार्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे जोडलेली आहेत. पुढे १९६५ मध्ये याच विद्यापीठात इंग्रजी आडनावांची परगणावार पाहणी सुरू झाली. आणि १९८४ साली येथेच ॲलेक जेफ्रीज यांना, रक्ताच्या थेंबावरून माणूस ओळखण्याची जनुकीय ठशांची पद्धत गवसली.

आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. पुरुषाचे 'वाय' गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जाते. तेव्हा दोन परस्परांस अनोळखी पण एकाच आडनावाच्या पुरुषांची गुणसूत्रे जुळतात काय, हे पाहावे, ही कल्पना. लेस्टरच्या मार्क जॉबलिंग व ट्युरी किंग या संशोधकांनी २००६ साली एकाच आडनावाच्या अनोळखी पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या, तेव्हा सुमारे चतुर्थांश जोड्यांत समान पूर्वजाची खूण मिळाली. नाव जितके विरळ, तितके हे प्रमाण अधिक. स्मिथांमध्ये काहीच मेळ नाही. त्यानंतरच्या अधिक विस्तृत पाहणीत ॲटनबरो नावाच्या पुरुषांपैकी शेकडा ७० हून अधिक जणांची गुणसूत्रे एकसारखी किंवा जवळजवळ एकसारखी निघाली.

यावरून 'टेकाडापाशी राहणारा' ही व्युत्पत्ती फारशी टिकत नाही, असे आमचे मत आहे. ठिकठिकाणच्या टेकाडांपाशी राहणाऱ्या असंबद्ध माणसांनी हे नाव घेतले असते, तर अशी एकजात खूण उमटती ना. पण या पुराव्यास एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. आरंभी या नावाची पाच-सात घराणी असतील आणि त्यांतील एकाचाच वंश पुढे फोफावला असेल, तरीही आज हेच चित्र दिसेल. वंश निर्वंश होण्याचे गणित फ्रान्सिस गॉल्टन व हेन्री वॉटसन यांनी १८७४ सालीच मांडले होते. एखाद्या पिढीत मुलीच झाल्या की नाव बुडाले. असे होता होता बहुतेक नावे कालांतराने बुडतात आणि थोडी तेवढी पसरतात. तेव्हा सर्व ॲटनबरो एका मूळ पुरुषाचे, एवढे म्हणण्यास आधार आहे. तो एकटाच त्या गावाहून निघाला होता, असे मात्र म्हणता येत नाही.

आपल्या 'कर' मंडळींची अशी पाहणी केली तर काय निघेल? आमचा तर्क असा की काहीही जुळणार नाही. आपल्याकडे एकाच गावाहून निघालेला ब्राह्मण, मराठा, सोनार, महार हे सर्व जण त्या गावाचे 'कर' होतात. आडनाव एक, घराणी अनेक. म्हणूनच आपल्याकडे आडनाव ऐकून कोणाचे समाधान होत नाही आणि 'कुठले?' या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा, अधिक अप्रिय प्रश्न येतो. तो विचारणाऱ्यांनी लेस्टरच्या आणखी दोन निष्कर्षांचा विचार करावा.

पहिला २००७ सालचा. यॉर्कशरमधील एका अतिविरळ आडनावाच्या १८ पुरुषांची तपासणी झाली. त्यांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेत आढळणारे एक अतिप्राचीन गुणसूत्र मिळाले. वर्णाने, रूपाने, स्मृतीने हे लोक पक्के यॉर्कशरचे; त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकातल्या यॉर्कशरपर्यंत जातात आणि तोपर्यंत कोठेही परदेशाचा मागमूस नाही. कोणी आफ्रिकन पुरुष त्याआधीच केव्हातरी येऊन त्या भूमीत मिसळून गेला होता, आणि त्याची आठवण घराण्यात कोणासही उरली नव्हती.

दुसरा निष्कर्ष राजवंशाचा आहे. २०१२ साली लेस्टरच्या एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. मातृवंशाच्या खुणेने ओळख पटली. पितृवंशाकडून मात्र, कागदोपत्री एकाच कुळातले ठरणारे ब्यूफर्ट घराण्याचे पाच वंशज तपासले असता, राजाशी एकाचेही गुणसूत्र जुळले नाही. इतकेच नव्हे, त्या पाचांपैकी एकाचे उरलेल्या चौघांशीही जुळेना. भाटांनी लिहिलेली वंशावळ आणि रक्ताने लिहिलेली वंशावळ यांत कोठेतरी फट होती. लोकप्रवादाच्या मानाने अशा फटी फार नसतात. किंग यांच्या हिशेबाने पिढीगणिक शंभरांत चारांच्या आसपास, किंवा त्याहून कमी. परंतु वीस पिढ्यांच्या माळेत एवढ्याही पुरतात.

शिवाय आडनाव हे अर्धीच हकीकत सांगते. रिचर्ड व डेव्हिड यांची माता मेरी ही पूर्वाश्रमीची क्लेग. तिचे वडील सॅम्युएल क्लेग हे ॲटनबरो गावाजवळच्याच लाँग ईटन येथील शाळेचे मुख्याध्यापक. क्लेग हेही ग्रामनामच, लँकेशरमधल्या रॉचडेलजवळच्या एका वस्तीचे. त्याचे मूळ नॉर्स भाषेतील गवताच्या गंजीत आहे. ते दोघे बंधू जितके अड्डाच्या गढीचे तितकेच या गंजीचेही वारस. परंतु गंजीचे नाव त्यांच्या नावात नाही. युद्धकाळात याच घरी बर्लिनहून आलेल्या आयरीन व हेल्गा बेयाख या दोन यहुदी मुली कित्येक वर्षे मुलांच्या बहिणींप्रमाणे वाढल्या. कोणत्याही गुणसूत्रात त्याची नोंद व्हावयाची नाही.

'गांधी' चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही हाच खेळ दिसतो. वेशभूषेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या भानू अथैया या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी माहेरच्या ओक. हट्टंगडी हे आडनाव तर थेट ॲटनबरोच्या जातीचे आहे. चित्रापूर सारस्वतांत ग्रामनाम कोणताही प्रत्यय न लावता जसेच्या तसे धारण करतात, आणि हट्टियंगडी हे गाव कर्नाटकाच्या किनारपट्टीत कुंदापूरजवळ अद्याप आहे.

ट्रेंटकाठचे ॲटनबरोही आहे. पण ज्या शिवारातून तो पहिला ॲटनबरो उठून गेला, ते पुष्कळसे पाण्याखाली गेले आहे. १९२९ पासून तेथे वाळू-खडीसाठी खोदाई झाली, खड्ड्यांत नदीचे पाणी भरले आणि त्या तळ्यांवर पाणपक्षी उतरू लागले. १९६६ साली त्या जागेचे पक्ष्यांसाठी अभयारण्य करण्यात आले. त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते झाले.