लुसिटानिया : अठरा मिनिटांचे गणित

पहिल्या महायुद्धाचा पाठ शिकवताना ‘लुसिटानिया’ या जहाजाचा उल्लेख हमखास येतो. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले, त्यात शंभरावर अमेरिकन नागरिक दगावले, अमेरिकेतील लोकमत खवळले आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, असे आपण सांगतो. ते योग्यच आहे. पण या घटनेत विज्ञानाच्या शिक्षकाने विचारावा असाही एक प्रश्न आहे. सुमारे २४० मीटर लांबीचे, जलरोधक कप्प्यांत विभागलेले हे जहाज एकाच पाणतीराने अवघ्या १८ मिनिटांत कसे बुडाले?

तुलनेसाठी ‘टायटॅनिक’ घेऊ. एप्रिल १९१२ मध्ये हिमनगावर आदळल्यावर ते बुडायला २ तास ४० मिनिटे लागली. पुढचा भाग खाली जात राहिला, पण जहाज कुशीवर फारसे कलले नाही. त्यामुळे बहुतेक होड्या पाण्यात सोडता आल्या. दुर्दैव असे, की सुमारे २,२०० माणसांसाठी होड्यांत जागाच ११७८ होत्या. या अपघातातून जगाने धडा घेतला. लुसिटानियावर ४८ होड्या होत्या आणि त्यांत २,६०० जागा होत्या. जहाजावरची माणसे मात्र १,९६० च्या आसपास. म्हणजे हिशेबाने प्रत्येकाला जागा मिळून काही उरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ४८ पैकी नीट उतरल्या त्या फक्त ६ होड्या, आणि सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली.

याचे उत्तर जहाजाच्या पोटात सापडते. दोन्ही जहाजांत रुंदीच्या दिशेने आडव्या जलरोधक भिंती होत्या. लुसिटानियात मात्र त्यांखेरीज बॉयलरखोल्यांच्या दोन्ही अंगांना लांबीच्या दिशेने जाणाऱ्या भिंतीही होत्या. या भिंती आणि जहाजाची बाहेरची बाजू यांच्यामध्ये कोळशाची कोठारे होती. ही रचना हेतुपुरस्सर होती. जहाज बांधायला ब्रिटिश सरकारने कर्ज दिले होते, ते युद्धात गरज पडल्यास जहाज नौदलाला वापरता यावे या अटीवर. शत्रूचा तोफगोळा आलाच तर कोळशाचा थर तो अडवेल आणि बॉयलर वाचतील, असा विचार त्यामागे होता. १९०६ मध्ये जहाज पाण्यात सोडले गेले तेव्हा पाणबुडी बाल्यावस्थेत होती, म्हणून हा विचार त्या काळाला धरूनच होता. पण २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘यू-९’ या एकाच पाणबुडीने उत्तर समुद्रात तीन ब्रिटिश क्रूझर दीड तासाच्या आत बुडवल्या आणि १,४०० हून अधिक खलाशी गेले. धोका आता पाण्याखालून येत होता.

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘यू-२०’ या पाणबुडीचा पाणतीर लुसिटानियाच्या उजव्या कुशीत पाण्याच्या पातळीखाली फुटला. प्रवास संपत आला होता, त्यामुळे कोठारे बरीचशी रिकामी होती. त्यांत पाणी शिरले, पण लांबीच्या दिशेच्या भिंतींमुळे ते डावीकडे पसरू शकले नाही. काही मिनिटांतच जहाज उजवीकडे सुमारे १५ अंशांनी कलले.

पाणी एका कुशीला साठणे आणि एका टोकाला साठणे यांत एवढा फरक का पडावा? तरंगणारी वस्तू कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, प्लावक बल सरकते आणि वस्तूला पुन्हा सरळ करू पाहते. चौकोनी डब्यासाठी हा सावरण्याचा जोर ज्या दिशेने डबा कलतो त्या दिशेच्या मापाच्या घनाच्या प्रमाणात असतो. लुसिटानियाची रुंदी सुमारे २६.५ मीटर होती, म्हणजे लांबी रुंदीच्या नऊपट. गणित केले तर लांबीच्या दिशेने सावरण्याचा जोर रुंदीच्या दिशेपेक्षा सुमारे ८० पट येतो. खरे जहाज चौकोनी डबा नसते, तरी अंदाज यायला एवढे पुरे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. लांबी रुंदीच्या तिप्पट असलेले प्लॅस्टिकचे दोन सारखे डबे घ्या. एकात लांबीच्या दिशेने आणि दुसऱ्यात रुंदीच्या दिशेने प्लॅस्टिकची पट्टी मेणाने घट्ट बसवा. डबे टबात तरंगवून प्रत्येकाच्या एकाच कप्प्यात कपाने मोजून सारखेच पाणी ओता. दुसरा डबा एका टोकाला थोडा दबेल. पहिला मात्र कुशीवर कलेल आणि आणखी पाणी घालताच उलटू पाहील.

आता होड्यांकडे वळू. जहाज उजवीकडे कलल्याने उजव्या बाजूच्या होड्या डेकपासून दूर लोंबकळू लागल्या. मधल्या फटीवरून उडी मारून त्यांत चढावे लागे. डाव्या बाजूच्या होड्या आत झुलल्या आणि खाली सोडताना कललेल्या पत्र्यावर घासू लागल्या. त्यातच वाफेचा दाब उतरल्याने इंजिने उलटी फिरवून जहाज थांबवता आले नाही. चालत्या जहाजावरून होडी सोडणे म्हणजे ती उलटवणेच.

पाणतीरानंतर लगेच दुसरा स्फोट झाला. तो कशाचा, यावर अनेक वर्षे वाद आहे. जहाजात काडतुसे आणि तोफगोळ्यांची कवचे होती, हे खरे. कोळशाची धूळ आणि वाफेचे नळ ही कारणेही सुचवली गेली आहेत. आमच्या मते या वादात दुसरा, तितकाच महत्त्वाचा मुद्दा मागे पडतो. स्फोट कशाचाही असो, माणसांना होड्यांपर्यंत पोचू दिले नाही ते जहाजाच्या कलण्याने.

हा धडा सहजासहजी मुरला नाही. १३ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेलाही उजव्या कुशीत एकच पाणतीर लागला. ती कलत गेली, बॉयलर बंद पडले, वीज गेली आणि पंप थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिब्राल्टरजवळ बुडाली. मात्र तेथे वेळ मिळाला, म्हणून एक खलाशी सोडून सारे वाचले.

सागरी सुरक्षेचे आजचे आंतरराष्ट्रीय नियम नुसत्या होड्या मोजत नाहीत. जहाज २० अंश कललेले असतानाही होडी उतरवता आली पाहिजे, आणि प्रवासी जहाजावर आदेश मिळाल्यापासून ३० मिनिटांत साऱ्या होड्या पाण्यात गेल्या पाहिजेत, असे ते सांगतात. हे २० आणि ३० कोठून आले असतील, याचा विचार विद्यार्थ्यांना डब्यांचा प्रयोग झाल्यावर करायला सांगावा.