जंत, खुराक आणि आपली मेंढरं



जंताचं औषध आज तालुक्याच्या गावी सहज मिळतं. आपल्या पणजोबांच्या वेळी ते नव्हतं. तरीही माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत मेंढरांचे कळप पिढ्यानपिढ्या टिकून राहिले. ते कशाच्या जोरावर, हे जरा समजून घेऊ. आपल्या खिशाचाही त्याच्याशी संबंध आहे.

पावसाळ्यात मेंढरं कमी पावसाच्या माळावर ठेवायची आणि दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे किंवा बागायती मुलखाकडे उतरायचं, ही धनगर बांधवांची जुनी रीत. वाटेत निघालेल्या पिकाच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळे, मेंढरांना पालापाचोळा, कडधान्याचा भुसा आणि बाभळीच्या शेंगा मिळत. हे सारं जंतासाठी केलं असं मी म्हणत नाही, ते चाऱ्यासाठीच होतं. पण जंताच्या बाबतीत त्याचा दुहेरी फायदा झाला. कसा, ते बघा.

आपल्या मेंढरांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा गोल जंत. शास्त्रात त्याला हिमाँकस म्हणतात. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंडीबरोबर बाहेर पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. थेंबभरच म्हणाल, पण पोटात पाच हजार जंत असले तर रोज पाव लिटर रक्त गेलं! उन्हाने तापलेल्या कोरड्या माळावर अळ्या तग धरत नाहीत, हा जुन्या रिवाजाचा पहिला फायदा. दुसरा फायदा खाण्याचा. तो कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला.

स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे फ्रेझर आणि रॉबर्टसन या दोघांनी याच जंतावर प्रयोग करून १९३३ साली निष्कर्ष छापले. चांगल्या पोसलेल्या मेंढ्या जंताला दाद देत नाहीत आणि उपाशी, खंगलेल्या मेंढ्या लवकर बळी पडतात, असं त्यांना दिसलं. पुढे १९९० च्या दशकात एडिंबरोच्या कूप आणि किरिआझाकिस यांनी याचं कारण नीट मांडलं. घरात धान्य कमी असलं की वाटणी करावी लागते, तसंच मेंढीच्या अंगात प्रथिनांचं होतं. आधी स्वतःचा जीव, मग पोटातलं कोकरू आणि दूध. जंताशी लढायच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून विण्याच्या आधी दोन आठवडे आणि व्याल्यावर सहा-आठ आठवडे मेंढीच्या लेंडीत जंताची अंडी एकदम वाढतात. ती अंडी नेमकी कोकरांच्या चरणीच्या रानात पडतात. याच दिवसांत प्रथिनं जास्त दिली तर अंड्यांची ही वाढ आटोक्यात राहते.

मग हे ज्ञान मागे का पडलं? औषधं आली म्हणून. १९४० च्या सुमारास फिनोथायझिन, १९६१ मध्ये थायबेंडॅझोल, १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन. औषधं खरोखर गुणकारी होती. आयव्हरमेक्टिनच्या शोधाला तर २०१५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पण थायबेंडॅझोलला दाद न देणारे जंत अमेरिकेत १९६४ सालीच सापडले होते. म्हणजे औषध येऊन पुरती तीन वर्षंही नीट झाली नव्हती. आपल्याकडे अंदाजाने, कमी मात्रेत, वरचेवर डोस पाजायची सवय आहे. असल्या सवयीने जंतच पक्के होतात.

आता घरचं उदाहरण घ्या. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. तिथे चंदा निंबकर, प्रदीप घळसासी आणि ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी दख्खनी व बन्नूर मेंढ्यांचा बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल जातीशी संकर करून कोकरांची वाढ आणि जंत दोन्ही तपासले. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गॅरोलचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी आढळली. दलदलीच्या मुलखातली जात ती, जंताशी झगडतच टिकलेली. मात्र तिची कोकरं अंगाने लहान. याच गॅरोलकडून जुळी देणारा गुण घेऊन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. जुळी कोकरं कुणाला नकोत? पण दोन कोकरांचं दूध द्यायचं तर प्रथिनांची ओढाताणही वाढते. अशी मेंढी आणून तिला नुसत्या माळावर सोडली, तर दोष जातीला देऊ नका.

दुष्काळातही हेच गणित. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये माण, आटपाडीकडे चारा छावण्या आपण सर्वांनीच पाहिल्या. छावण्या मुख्यतः मोठ्या जनावरांच्या, आणि तिथे बहुतेक चारा म्हणजे उसाचे वाढे. वाढ्यांनी पोट भरतं, पण त्यांत प्रथिनं फार थोडी. मोठ्या उन्हाळ्यात जंत दबून असतो. खरा धोका पहिल्या पावसानंतर: जनावर खंगलेलं, कोवळं गवत ओलं आणि अळ्या भरपूर. तेव्हा पाऊस आला म्हणून खुराक लगेच तोडू नका.

गाभण मेंढीला शेवटचे दीड महिने आणि व्याल्यावर दोन महिने रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. त्यात शेंगदाणा किंवा सरकी पेंड, तूर-हरभऱ्याची चुणी चालेल. पेंड महाग वाटली तर निदान जुळी असणाऱ्या आणि पहिलटकरणींना तरी द्या. शेवरी, सुबाभळीचा पाला उत्तम, मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. बाभळीच्या शेंगाही बेतानेच. त्यांतलं टॅनिन जास्त झालं की मेंढी खाणंच कमी करते.

पण पापणी आतून पांढरी पडली असेल, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबत असेल, तर पेंडीवर विसंबू नका. लेंडी दवाखान्यात तपासून, वजन करून डोस पाजा. कृष्णाकाठी, पाटाच्या पाणथळ रानात गोगलगायींमुळे होणारा यकृतातला चपटा जंत हा वेगळा आजार. त्याचं औषध वेगळं, आणि ते डॉक्टरांनाच विचारा.