कटआउटची कुळकथा

बल्लारशाहून आष्टीमार्गे आलापल्ली आणि तेथून सिरोंच्याकडे जाणाऱ्या अरण्यमार्गावर रात्री मोटार हाकणाऱ्यास आज जो प्रकाश एका कळीच्या दाबाने प्राप्त होतो, त्याच्या मुळाशी विद्युत्प्रवाहाला वेळेवर वाट देण्याची आणि वेळेवर ती रोखण्याची विद्या आहे. इंजिनाचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची दखल क्वचितच घेतली, हे मला अन्यायाचे वाटते.

आरंभीच्या मोटारींना विजेचा दिवा नव्हताच. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा वायू पितळी दिव्यात जाळीत. 1908 साली अवतरलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला 1915 मध्ये विजेचे पुढचे दिवे मिळाले, परंतु ते बॅटरीवर नव्हे, थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालत. त्यामुळे इंजिन धावले की दिवा प्रखर, मंदावले की निस्तेज. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या रानवाटेसारख्या, चाकोऱ्या आणि नाले ओलांडीत जाणाऱ्या रस्त्यावर गाडी जिथे सर्वांत हळू न्यावी लागे, नेमका तिथेच उजेड आटे. मग खालचा गिअर टाकून, पेट्रोल जाळून, इंजिन उगाच गरगरवावे लागे.

बॅटरीने हे संकट दूर केले आणि दुसरे आणले. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने सेल्फ-स्टार्टर, दिवे आणि प्रज्वलन यांची एकच व्यवस्था बसवली, आणि थोड्याच वर्षांत डायनामो व बॅटरी ही जोडी सर्वत्र रूढ झाली. डायनामो वेगात फिरतो तोवर तो बॅटरी भरतो. पण त्याचा वेग उतरला की त्याचा विद्युतदाब बॅटरीच्या दाबाहून कमी होतो, आणि मार्ग मोकळा असेल तर बॅटरीच डायनामोत रिती होऊ लागते. मालगुजारी तलावात पाणी आणणाऱ्या पाटाला, ओढा आटताच आपोआप मिटणारे दार असावे, तशी तजवीज येथे हवी होती. ती कटआउटने केली. लोखंडी गाभ्यावर बारीक तारेचे अनेक वेढे आणि जाड तारेचे थोडे वेढे, समोर स्प्रिंगने ओढून धरलेली पट्टी, तिच्या टोकाला संपर्कबिंदू. सहा व्होल्टच्या गाडीत दाब साडेसहाच्या पुढे गेला की बारीक वेढ्यांचे चुंबकत्व पट्टी खेचून जोडणी करी; प्रवाह उलटला की जाड वेढे त्याच चुंबकत्वाला विरोध करीत आणि पट्टी सुटे. मनुष्याच्या हाताची गरज नाही, देखरेखीची नाही. इतक्या थोड्या साहित्यात इतका विवेक साठवणारी दुसरी वस्तू त्या काळच्या मोटारीत मला दिसत नाही.

बॅटरी किती भरावी, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ चालकाच्या मर्जीवर राहिला. डायनामोतील तिसरा ब्रश प्रवाहाला मर्यादा घाली, पण त्याला बॅटरीचाच आधार लागे: खडबडीत रस्त्याने बॅटरीची तार निसटली, तर दाब अनिर्बंध चढून दिव्यांच्या तारा जळून जात. इंग्लंडच्या ल्यूकस कंपनीने एकाच फिरत्या कळीत दिवे आणि चार्जिंग यांचा बंदोबस्त केला. उन्हाळ्यासाठी रोध मध्ये घालून अर्धा प्रवाह, हिवाळ्यासाठी पूर्ण, आणि मोठे दिवे लावताच पुन्हा पूर्ण. ही योजना ज्या देशात हिवाळ्याच्या रात्री लांब आणि तेल गोठलेले, त्या देशाची. चांद्याच्या मे महिन्यात बॅटरीतले पाणी आटते, म्हणून अर्धा प्रवाह इष्ट; पण तेच दिवस वणव्यांचे आणि तेंदूपानांचे. रात्रभर मंदगतीने फिरून, कटआउटची पट्टी सुटलेली असताना दिव्यांनी रिकामी केलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी पूर्ण प्रवाहच मागणार. कळीवरील ऋतूचे नाव पाळावे की अँपिअर मीटरचा काटा, याचा निवाडा ज्याने त्याने करावयाचा होता.

1935 च्या सुमारास दाबानुसार प्रवाह कमी-जास्त करणारा नियंत्रक आला. त्यात तापमानाप्रमाणे वाकणारी द्विधातूची पट्टी असल्याने उन्हाचा हिशेबही यंत्राच्या पदरी पडला. युद्धकाळातील विलीज जीपमध्ये कटआउट, दाबनियंत्रक आणि प्रवाहनियंत्रक ही तिन्ही एकाच डबीत नांदत होती, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत याच जातीच्या गाड्यांची जुळवणी सुरू केली. 1960 नंतर अल्टरनेटर पसरला. त्यातले सिलिकॉनचे डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कटआउटची स्प्रिंग, पट्टी आणि ठिणग्यांनी काळे पडणारे संपर्कबिंदू यांची गरजच उरली नाही. 1982 साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तोवर नव्या मोटारींतून कटआउट मागे पडू लागला होता.