विज्ञानकथांची मोठी घराणी : पडदा, पुस्तक आणि मराठी कथा

सांता क्लारा : आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’वर मालिका काढणाऱ्या ॲपलचे मुख्यालय कुपर्टिनोत आहे, लिऊ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला जगभरच्या पडद्यांवर नेणाऱ्या नेटफ्लिक्सचे लॉस गॅटोसमध्ये. दोन्ही गावे सांता क्लारा काउंटीतील. याच काउंटीतील सॅन होजे येथे २००२ आणि २०१८ साली जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. २०१८ मध्ये एन. के. जेमिसिन यांनी सलग तिसऱ्या वर्षी सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार येथेच स्वीकारला. त्याच शहरात २०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशनही झाले. विज्ञानकथेचा आणि मराठी माणसाचा मुक्काम असा एकाच पत्त्यावर आला आहे. तरीही मराठी घरांत संध्याकाळी एकत्र बसून काय पाहावे वा वाचावे, हा प्रश्न निघाला की दोन पिढ्यांची उत्तरे वेगळी येतात. या कथाविश्वांची तुलनात्मक ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

‘फ्रँचाइझ’ या व्यापारी शब्दाऐवजी आपल्याकडचा ‘घराणे’ हा शब्द येथे अधिक उपयोगी पडतो. संगीतातील घराण्याप्रमाणेच येथेही एक मूळपुरुष असतो, काही नियम असतात आणि मूळपुरुषामागे ते नियम कोणी, किती पाळायचे हा वाद असतो. घराणे कोणत्या माध्यमात जन्मले यावर त्याचा स्वभाव बराचसा ठरतो.

दूरचित्रवाणीची घराणी

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली. जीन रॉडनबेरी यांची ही मूळ मालिका तीन वर्षांत ७९ भागांवर आटोपली. तिसरे वर्षही प्रेक्षकांच्या पत्रमोहिमेमुळे पदरात पडले होते. पुनःप्रक्षेपणांनी मात्र तिला दुसरे आयुष्य दिले. १९७९ मध्ये पहिला चित्रपट आला आणि १९८७ ते १९९४ या काळात ‘नेक्स्ट जनरेशन’चे १७८ भाग झाले. साप्ताहिक भागात एक प्रश्न मांडायचा आणि तो चर्चेने, विवेकाने सोडवायचा, ही या घराण्याची रीत. दुसऱ्या संस्कृतीच्या वाटचालीत ढवळाढवळ करू नये, हा येथील मुख्य दंडक आहे आणि तो मोडण्याचा मोह हेच अनेक भागांचे कथाबीज आहे. भारतीय प्रेक्षकांना ही मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर भेटली. १९७९ च्या चित्रपटातील इलिया ही महत्त्वाची भूमिका मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी, त्यासाठी मुंडण करून, साकारली होती.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ त्याहून जुनी. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला आणि त्याचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन होते. १९६६ मध्ये प्रमुख नट बदलण्याची वेळ आली, तेव्हा नायक मरताना नवे शरीर धारण करतो, अशी युक्ती योजण्यात आली. पुनर्जन्माची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, त्या आपल्याला ती सहज पटते. या युक्तीने मालिकेला दीर्घायुष्य दिले. १९८९ मध्ये थांबलेली मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मात्र जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्याच्या तेव्हाच्या पद्धतीमुळे १९६० च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग बीबीसीच्या संग्रहातून गेले. लोकप्रियता म्हणजे जतन नव्हे, हा त्यातील धडा.

चित्रपटाचे घराणे

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. जॉर्ज लुकास यांच्या या विश्वात विज्ञान नावापुरते आहे. गाभा आहे तो पुराणकथेचा. अज्ञात वंशाचा मुलगा, वनात राहणारा गुरू, शत्रूपक्षात निघालेला पिता, ही सामग्री महाभारतावर वाढलेल्या श्रोत्याला परकी वाटत नाही. १९७७ ते २०१९ या काळात मुख्य कथेचे नऊ चित्रपट आले. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. २०१४ मध्ये नव्या मालकांच्या काळात, टिमथी झान यांच्यासारख्या लेखकांच्या आधीच्या कादंबऱ्या अधिकृत कथेबाहेर काढून ‘लेजंड्स’ या नावाखाली ठेवण्यात आल्या. वाचकांनी वर्षानुवर्षे खरी मानलेली कथा एका घोषणेने दंतकथा ठरली. कंपनीच्या मालकीच्या विश्वात अखेरचा शब्द वाचकाचा नसतो, हे येथे स्पष्ट दिसते.

पुस्तकातून निघालेली घराणी

‘फाउंडेशन’च्या कथा १९४२ पासून मासिकात आल्या आणि १९५१ ते १९५३ मध्ये तीन पुस्तकांत संकलित झाल्या. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास आकाशगंगेवर बेतून असिमॉव्ह यांनी विचारले : समूहाचे भवितव्य गणिताने वर्तवता येईल काय? १९६६ मध्ये या मालिकेला सर्वकालीन सर्वोत्कृष्ट मालिकेचा ह्यूगो मिळाला. पुस्तकांत कृती कमी, संवाद अधिक. म्हणून २०२१ मध्ये सुरू झालेल्या पडद्यावरील रूपाने पात्रे व घटना मोठ्या प्रमाणात नव्याने रचल्या. पुस्तकाचा भक्त तिच्यावर रुसतो तो यामुळेच.

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आली, तीही वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर, मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेकडून. पाणी, धर्म आणि सत्ता यांचे नाते हा तिचा विषय. त्राता म्हणून कोणाला डोक्यावर घेऊ नये, हा इशारा पहिल्या वाचनात अनेकांच्या हातून निसटतो. १९८४ चा डेव्हिड लिंच यांचा चित्रपट या भाराखाली वाकला. डेनी व्हिलनव्ह यांनी तेच पुस्तक २०२१ आणि २०२४ अशा दोन चित्रपटांत विभागले आणि पहिल्याला सहा ऑस्कर मिळाले.

‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ २००६ मध्ये चिनी मासिकात क्रमशः आली. केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये त्याला ह्यूगो मिळाला. इंग्रजीबाहेरची विज्ञानकथा चांगल्या अनुवादकाच्या आधाराने कोठवर जाते, याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण. अभियंत्यांना विशेष भावणारी ‘द एक्सपान्स’ नऊ कादंबऱ्यांत (२०११ ते २०२१) पूर्ण झाली. तिच्या यानांना त्वरण आणि जडत्वाचे नियम पाळावे लागतात, आणि तिच्या मंगळावर भारतीय, चिनी व टेक्सासकर एकत्र वसलेले आहेत. वाहिनीने २०१८ मध्ये सोडलेली ही मालिका ॲमेझॉनने पुढे चालवून सहा पर्वांपर्यंत नेली.

मराठीची बाजू

मराठी विज्ञानकथेचा इतिहास या घराण्यांपुढे संकोचावा असा नाही. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या हाती देण्याचे काम भा. रा. भागवतांनी केले. ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव घेणारे लेखक जयंत विष्णु नारळीकर होते. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये आला. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ ही कथा अमेरिकी समीक्षक जेम्स गन यांच्या जागतिक विज्ञानकथासंग्रहात समाविष्ट झाली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह विस्तारला.

मात्र यांतून पडद्यावर पिढ्यान् पिढ्या चालणारे घराणे उभे राहिले नाही. त्याची कारणे साहित्याच्या व्यवहारात आहेत. मराठी विज्ञानकथा मुख्यतः मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी लिहिली गेली. तेथे कथा त्याच अंकात पूर्ण व्हावी लागते. लिहिणारे बहुधा संशोधक, अध्यापक वा डॉक्टर होते आणि लेखन हा त्यांचा उदरनिर्वाह नव्हता. एखादे कथाविश्व विकत घेऊन चालवणारी निर्मितीसंस्थाही नव्हती. या मर्यादेचा एक लाभ झाला. प्रत्येक कथा एक वैज्ञानिक कल्पना घेते आणि तिच्याशी प्रामाणिक राहते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मोबियस पट्टीच्या गणितावर उभी आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे एक प्राध्यापक मराठे जिंकलेल्या जगात जाऊन पोहोचतात. तिचा इंग्रजी अवतार एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आला होता. स्वतःसारखे यंत्र घडवू पाहणाऱ्या यंत्राची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आज सांता क्लारात, एन्व्हिडियाच्या गावात, वाचताना जुनी वाटत नाही.

निवड कशी करावी

लहान मुलांसोबत आरंभ करायचा तर ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शनाच्या क्रमाने, १९७७ पासून पाहावा. पित्याचे रहस्य त्याच क्रमात टिकते. किशोरवयीनांसाठी ‘नेक्स्ट जनरेशन’चे सुटे भाग उत्तम, कारण भाग संपला की चर्चेला विषय उरतो. ‘डॉक्टर हू’ २००५ पासून घ्यावी. ‘फाउंडेशन’ प्रकाशनक्रमाने वाचावी आणि मालिकेला स्वतंत्र कृती मानावे. ‘ड्यून’चे पहिले पुस्तक आधी, चित्रपट नंतर. ‘एक्सपान्स’ आणि ‘थ्री-बॉडी’ प्रौढांसाठी.

या यादीत मराठी कथेचे स्थान कोणते, हे मात्र घरातच ठरेल. वर सांगितलेली घराणी आपल्या प्रयत्नांवाचून चालत राहतील. त्यांच्यामागे स्टुडिओ आहेत, संमेलने आहेत, नवी पर्वे आहेत. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या कथांना पुढचे पर्व नाही. परदेशी वाढणाऱ्या ज्या मुलाला मराठी समजते पण वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत त्या पोहोचण्याचा मार्ग एकच : मोठ्याने वाचून दाखवणे. ‘कृष्णविवर’ एका बैठकीत संपते. ‘पानिपत’ संपल्यावर मूल हमखास विचारते की मग खरे काय झाले होते. आणि त्या संध्याकाळी सदाशिवरावभाऊ व विश्वासराव यांची ओळख करून द्यावी लागते, तीही मराठीत.